बीम म्हणजे झाड

हे बघा, बिल्डिंगचं काम चालू आहे आणि मिस्त्री सांगतोय की बीमचं सेंट्रिंग झालं, उद्या माल टाकायचा. बीम हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की तुळई म्हटलं तर आता कोणी वर बघणार पण नाही. तर हा बीम मुळात एक झाड आहे.

चला लंडनच्या ईशान्येला, एपिंग फॉरेस्टमध्ये. हे राखाडी झाड आहे ना, त्याचं नाव हॉर्नबीम. खोड गुळगुळीत पण गोल नाही, पैलवानाच्या दंडासारखं पिळदार. आणि वर बघा, सगळ्या फांद्या एकाच उंचीवरून फुटल्यात, कारण गावकरी जळणासाठी डोक्याच्याही वरून छाटायचे, म्हणजे नवीन फुटव्यांपर्यंत गुरांचं तोंड पोचायचं नाही. १८७८ च्या कायद्याने ती तोड थांबली, पण झाडांचा आकार अजून तसाच.

हॉर्न म्हणजे शिंग. पण या झाडाला शिंगबिंग काही नाही, लाकूडच तसं टणक. १५९७ मध्ये जॉन जेरार्ड या वनस्पती जाणकाराने लिहून ठेवलंय की हे लाकूड जुनं झालं की इतकं कडक होतं की त्याची तुलना शिंगाशीच करावी. बैलाचं जू, पाणचक्कीचे दाते, खाटकाचा ओंडका, जिथे मार बसतो तिथे हे लाकूड.

मग आपल्याला वाटतं, टणक आहे म्हणून घराचे बीम याचेच करत असतील, म्हणून हे नाव. अजिबात नाही! वाकडंतिकडं खोड, त्यात पावसात राहिलं की लवकर कुजतं, त्याची कसली तुळई होणार. जुन्या इंग्लिशमध्ये बीम म्हणजेच झाड होतं, जर्मनमध्ये आजही झाडाला बाउम म्हणतात. इंग्लिशमध्ये मात्र झाडावरून शब्द घसरला तो लाकडाच्या वाशावर, आणि झाड हा जुना अर्थ हॉर्नबीम, व्हाइटबीम अशा एकदोन नावांत तेवढा अडकून राहिला. आणि हो, त्या साइटवरच्या क्रेनचा लांबलचक हात, बूम, तोही डच भाषेतून आलेला झाडच.

आता गंमत अशी की बीमचा अर्थ विसरल्यामुळे इंग्रज माणूस बिनधास्त हॉर्नबीम ट्री म्हणतो. म्हणजे शिंगझाडाचं झाड. आपल्याकडचं पिवळं पीतांबर आणि गाईचं गोमूत्र, तसलंच.