मित्राने सांगितलेलं नाटक आधी बघा

मंडळी, मित्र सांगतात हे बघ, ते बघ, आपण हो हो म्हणतो आणि ती नावं फोनच्या नोट्समधे पडून राहतात. मला ह्याचं वाईट वाटतं, कारण समोरच्याने आपली आठवण ठेवून ते नाव सांगितलेलं असतं.

माझं म्हणणं, नाटक आधी, सिरीज नंतर. सिरीज बहुतेक वेळा दोन महिन्यांनी पण तिथेच असते, नाटकाचं तसं नाही. शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, इथे तारखा मिळतील तसे प्रयोग लागतात, त्यातून नट मालिकेच्या शूटिंगला अडकला की तारखा आणखी कमी, आणि मग एक दिवस जाहिरातीत दिसतं ‘शेवटचे काही प्रयोग’. १९७०च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमधे एवढी प्रायोगिक नाटकं झाली, त्यातलं कितीतरी आज फक्त बघितलेल्या लोकांच्या बोलण्यात उरलंय. तेव्हाही लोक एकमेकांना सांगूनच तिथे पोचायचे. म्हणून नाव कळलं की त्याच आठवड्यात तिकीट काढा, आणि पृथ्वी थिएटरला जाणार असाल तर जुहूचं ट्रॅफिक धरून निघा, उशीर झाला की आत सोडत नाहीत.

‘संगीत देवबाभळी’बद्दल मैत्रीण एवढंच म्हणाली होती की स्टेजवर दोनच बायका आहेत, तुकारामांची आवली आणि लखूबाई होऊन तिच्याकडे आलेली रखुमाई, आणि गाणी त्या तिथेच गातात. पुढचं काही सांगितलं नाही, फार बरं केलं. आवलीच्या पायात काटा रुततो इथून सुरू झालेलं नाटक नवऱ्याच्या विठ्ठलभक्तीत घर ओढणाऱ्या बाईचा राग आणि देवाच्याच बायकोचा रुसवा समोरासमोर आणून ठेवतं, हे आधी कळलं असतं तर मी नुसता वाट बघत बसलो असतो, कधी येतंय ते म्हणून.

सिरीजचं जरा वेगळं. तिथे मी मित्राला विचारतो, तुला का आवडली? ह्या उत्तरावर सगळं आहे. एक मित्र कधीपासून ‘द वायर’ बघ म्हणत होता, अमेरिकन, बाल्टिमोर शहरावरची, २००२ ते २००८, पाच सीझन, ६० एपिसोड. एवढे एपिसोड ऐकूनच माणूस मागे सरतो, आणि सुरुवातीला कोण कोणाचं काय ते कळतही नाही. पण त्याचे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते आणि तो म्हणाला, दुसरा सीझन गोदी कामगारांचा आहे, तो माझ्या घरातला आहे रे. मग मी बसलो. बंदरात पुरेशी जहाजं येत नाहीत, कामगारांना रोज काम मिळत नाही, युनियनचा सेक्रेटरी बंदर जगवायला पैसा हवा म्हणून स्मगलिंगला हात लावतो. आपल्याकडेही कंटेनर आले, १९८९ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं, मालाची वाहतूक तिकडे गेली आणि माझगाव-शिवडीकडच्या किती घरांची गणितं बदलली. ते बघताना मला मित्राच्या घरातला तो काळ पहिल्यांदा नीट दिसला, एवढ्या वर्षांच्या ओळखीत आम्ही त्यावर कधी बोललोच नव्हतो! तो सीझन संपल्यावर मी त्याला फोन केला, बराच वेळ वडिलांबद्दलच बोलत होता.

तो फोन करायचाच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसता अंगठा पाठवू नका, कुठला सीन लागला ते सांगा, आणि नाही आवडलं तर तेही सरळ सांगा, कुठे कंटाळा आला ते सांगा. मित्र रागावत नाही, उलट पुढच्या वेळी तुमच्यासाठी नीट विचार करून नाव काढतो. चार-पाच एपिसोड बघून सोडलं तरी चालतं, पण पहिल्याच एपिसोडला सोडणं बरोबर नाही, त्याने जे बघितलं तिथपर्यंत आपण गेलेलोच नसतो.

बरं, आता तुम्ही बोला. हल्ली बघितलेलं एकेक नाटक सांगा, कुठे बघितलंत, त्यातलं काय लक्षात राहिलं, आणि पुढचा प्रयोग कधी आहे ते माहीत असेल तर तेही, मी लिहून घेतो.