कासवाच्या उंचीवरून

(दृश्य : चर्चगेट स्टेशन, १९९५. कृष्णधवल.)

दोन बाजूंना दोन लोकल. मधून माणसांचा लोंढा निघालाय. शटर जास्त वेळ उघडं राहिल्यामुळे माणसं धुरासारखी पसरलीत, गाड्या मात्र ठसठशीत. हा फोटो काढणारे सेबास्तियांव साल्गादो ब्राझीलचे. शिक्षणानं अर्थतज्ज्ञ. कामानिमित्त आफ्रिकेत फिरताना पत्नी लेलिया यांचा कॅमेरा हाती आला आणि १९७३मध्ये नोकरी सुटली ती कायमची.

(दृश्य : सेरा पेलादा, १९८६.)

ब्राझीलमधली ही सोन्याची उघडी खाण. यंत्र एकही नाही. चिखलानं माखलेली हजारो माणसं पाठीवर मातीची पोती घेऊन लाकडी शिड्या चढतायत. जरा थांबून शिडीवरचे पाय बघा.

त्याआधी आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातला दुष्काळ. नंतर कुवेतच्या जळत्या तेलविहिरी. मग १९९४, रवांडातला वंशसंहार.

(रवांडाची छायाचित्रं. निवेदन नाही.)

रवांडानंतर साल्गादोंचं शरीर साथ देईना. डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितलं.

(दृश्य : गालापागोस बेटं, पॅसिफिक महासागर, २००४.)

माणसानं न बिघडवलेला निसर्ग टिपणाऱ्या 'जेनेसिस' या प्रकल्पाची सुरुवात इथली. समोर राक्षसी कासव. साल्गादो उभे राहून जवळ गेले की ते तोंड फिरवून चालू लागायचं. मग ते गुडघ्यांवर आणि तळहातांवर आले, अगदी कासवाच्या उंचीला. कासव थांबलं. ते पुढे आलं तसे साल्गादो थोडे मागे सरकले. जागा तुझी आहे, हे त्याला कळावं म्हणून. या एका फोटोमागे सबंध दिवस गेला. ताडोब्यात वाघाच्या वाटेत जिप्सी आडवी घालायला लावणाऱ्या प्रत्येक हौशी फोटोग्राफरनं हा दिवस समजून घ्यावा.

आता समुद्री इग्वानाचा हा पंजा. एकेक खवला वेगळा दिसतो. साल्गादोंना त्यात मध्ययुगीन सरदाराचा चिलखती हात दिसला.

माणसांचा फोटोग्राफर प्राण्यांत रमला, अशी टीका झाली. आम्हाला ती मान्य नाही. खाणमजुरासमोर ज्या अदबीनं ते उभे राहिले, त्याच अदबीनं कासवासमोर बसले. ही पत्रकारिताच आहे.

(दृश्य : आयमोरेस, ब्राझील. आधी उघडी टेकडी, मग तीच टेकडी हिरवी.)

हे साल्गादोंच्या वडिलांचं गुरांचं कुरण. लहानपणी पाहिलेलं रान गेलेलं, झरे आटलेले, माती वाहून गेलेली. इथे पुन्हा जंगल लावू या, हे लेलिया यांनी सुचवलं. १९९८मध्ये दोघांनी 'इन्स्तितुतो तेरा' ही संस्था काढली. रोपं बाहेरून आणून भागणार नव्हतं. या पट्ट्यातलं जंगल अटलांटिक किनाऱ्याचं. त्याच्याच जातींचं बी गोळा करायचं, रोपवाटिकेत रुजवायचं आणि पावसाच्या तोंडावर टेकडीवर न्यायचं. सुरुवातीला पुष्कळ रोपं मेली. तरी पुन्हा खड्डे, पुन्हा लावणी. आजवर २० लाखांहून अधिक झाडं लागली. पक्षी परतले, झरे वाहू लागले.

२०१५मध्ये वरच्या अंगाला खाणीच्या गाळाचं धरण फुटलं आणि रिओ दोसे ही इथली नदी गढूळली.

२०१०मध्ये 'जेनेसिस'च्याच कामावर साल्गादोंना मलेरिया झाला होता. त्यातून उद्भवलेल्या रक्ताच्या कर्करोगानं २३ मे २०२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. संस्थेचं काम चालू आहे. रिओ दोसेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना हाताशी धरून ती आता त्यांच्या रानातले झरे राखते.