पाणी कुठवर आलं?

जुन्या नाशकातल्या एका वाड्याचा हा माळा. सतरंजीवर ग्राफ पेपरचा नकाशा, शेजारी चिवड्याची परात. वीस बाजूंचा फासा घरंगळत जाऊन परातीला अडतो. सूत्रधार (खेळातली गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरला ही मंडळी सूत्रधारच म्हणतात) वाकून आकडा बघतो. "मारुतीच्या गुडघ्याला लागलं."

(निवेदन थांबेल. पुराचा आवाज.)

नाशिककराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती हीच इथली पूरपट्टी. गुडघा, कंबर, छाती. खेळात पाणी एकेक टप्पा चढतं तसा एकेक घाट बुडतो आणि गावाखालच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले हौद, उघडतात. खऱ्या पेशवेकालीन रहाडी फक्त रंगपंचमीला उघडतात. एरवी त्यांच्यावरून स्कूटर जातात. खेळातल्या रहाडींत काय आहे, ते सांगितलं तर मजा जाईल.

हे जग सहा वर्षं चौघांच्या वह्यांत होतं. मग परक्या देशात एक भांडण झालं.

एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायचा हा खेळप्रकार १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून सुरू झाला. २००० मध्ये त्याच्या नियमांचा गाभा ओपन गेम लायसन्स या परवान्याखाली इतरांना वापरायला खुला झाला. त्यावर कितीतरी जणांनी आपापली पुस्तकं उभी केली. जानेवारी २०२३ मध्ये नव्या, जाचक अटींचा मसुदा फुटला. खेळाडू खवळले. महिना सरायच्या आत प्रकाशकांनी तेव्हाच्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सोडला. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही.

माळ्यावर तेव्हाच ठरलं, आपलंही असंच सोडायचं. वापरा, बदला, विका, आमचं नाव तेवढं लावा. इथवर एकमत. पण कुणी बदल करून छापलं, तर तेही याच अटींवर खुलं हवं का? रात्री दोनपर्यंतचा हा वाद. चहाचे पेले मोजा. शेवटी 'शेअर-अलाइक', म्हणजे बदललेलंही खुलंच, हे राहिलं. राहिलं ते बरंच झालं.

आणि मग लक्षात आलं, नकाशाच आपला नाही! फोनमधल्या नकाशावरून गिरवलेला. खेळाच्या युक्तीवर स्वामित्वहक्क नसतो, पण शब्दांवर, चित्रांवर, नकाशावर असतो. म्हणून चौघांतले हे दोघं पहाटे रामकुंडापासून पावलं मोजत निघालेत. चपला हातात, वही दातांत.

मारुतीचं चित्र काढलेल्या मित्राने परवानगी नाकारली. हक्क त्याचा. त्या पानावर कोरी चौकट.

पुस्तिका गेल्या पावसाळ्यात आली. छपाईचे पैसे अजून निघालेले नाहीत.

हे पान सांगलीच्या एका गटाने पाठवलंय. खाली चौघांची नावं, तोच परवाना. चौकटीत कृष्णेवरचा आयर्विन पूल काढलाय, आणि पाणी फुटांत मोजलंय.