गोठ्याचा कागद

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

सुगी आटोपून हातात चार पैसे आले की आपल्याकडे दोन कामं निघतात. एक लग्न आणि दुसरं बांधकाम. आज बांधकामाचं बोलू. गोठा, कडब्याची शेड, कांदाचाळ, अवजारांची खोली, राखणीचं घर, असं रानातलं बांधकाम. लग्नही मध्ये येणारच आहे. मी महसूल खात्यात मंडल अधिकारी होतो, तुम्ही ज्याला सर्कल म्हणता तो. तिथल्याच एका प्रकरणात ही दोन्ही कामं एकमेकांत गुंतली होती.

आधी कायदा, थोडक्यात. शेतात बांधायला एनए, म्हणजे जमीन अकृषिक (बिगरशेती) वापरायची परवानगी, लागतं का, असं लोक मला अजून एसटीत विचारतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चा. त्याचं ४१वं कलम म्हणतं की खातेदाराला शेती नीट करता यावी म्हणून आपल्या शेतजमिनीवर शेतइमारत बांधता येते, विहीर काढता येते. त्यासाठी एनए लागत नाही. शेतइमारत म्हणजे काय, तेही कायद्यातच लिहिलंय. अवजारं, खत, वैरण ठेवायची जागा. शेतमाल ठेवायची जागा. जनावरांचा गोठा. घरच्या माणसांना, गड्यांना राहायची सोय. आणि शेतीचाच भाग असलेलं दुसरं काही. परत सांगतो: अवजारं, वैरण, माल, जनावरं आणि राबणारी माणसं.

पण एनए नको म्हणजे कागदच नको, असं नाही. इथंच गल्लत होते. महापालिका-नगरपालिकांची हद्द, त्यांच्या लगतचा पट्टा आणि प्रादेशिक योजना लागू असलेला भाग, इथं शेतइमारतीलाही आधी परवानगी घ्यावी लागते. तिथं आपली जमीन किती याबाबत ०.४ हेक्टरचा, म्हणजे साधारण ४० गुंठ्यांचा आकडा लक्षात ठेवा, बऱ्याच अटी त्याच्यावरच अडतात. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून बहुतेक राज्याला एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. शेती झोनमधल्या शेतघराचे नियम तिच्यात आहेत. आपला गट कुठल्या झोनमध्ये येतो ते नगर रचना कार्यालयात विचारा, गवंड्याला नको. गवंडी सगळ्याला ‘चालतंय’ म्हणतो. गावठाणात बांधणार असाल तर ग्रामपंचायतीची परवानगी, ग्रामपंचायत अधिनियमाचं ५२वं कलम.

आता ते प्रकरण. गावाचं नाव सांगत नाही.

एक म्हातारबुवा होते, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांनी रानात नवा गोठा बांधला. लोखंडी कैच्या, वर पत्रा, मधोमध लांबच लांब सिमेंटची गव्हाण. गोठा छान होता, उंचीला चांगला, वारा खेळता. हल्ली काही जण म्हशींना स्लॅब टाकतात आणि मग दूध कमी झालं म्हणून डॉक्टरला बोलावतात. म्हशीला स्लॅब कशाला हवा? तिला सावली आणि वारा हवा. असो.

मे महिन्यात आबांच्या नातीचं लग्न निघालं. दारात मांडव घातला होता. अक्षता पडल्या आणि पंगती बसायच्या वेळेला वळीव आला. असा आला की मांडवाचं कापड आचाऱ्याच्या डोक्यावर. वऱ्हाड सैरावैरा. आबांनी काय करावं? म्हशी सोडून चिंचेखाली बांधल्या, पोरांनी गोठा धुऊन काढला, आणि वऱ्हाड तिथं घेतलं. वाढपी हुशार होते. त्यांनी गव्हाणीवर पांढरं कापड टाकलं आणि आमटीची बादली, भाताचं घमेलं, बुंदीची परात, सगळं ओळीनं मांडलं. हल्ली त्याला बुफे म्हणतात. तेव्हा आमटी-भात-बुंदी होती, आणि माणसं दोनदा भात मागून घ्यायची. आता पनीर आलं आणि पानात टाकणं वाढलं. तोही विषय वेगळाच. चिंचेखाली म्हशी भिजत ओरडत होत्या आणि इकडं पंगत उठत होती.

आठवड्याभरात तहसीलला अर्ज आला. अर्जदार आबांचे चुलतभाऊ. मजकूर असा: गोठ्याच्या नावाखाली मंगल कार्यालय चालवलं जात आहे, शेतजमिनीचा विनापरवाना अकृषिक वापर, सबब कडक कारवाई व्हावी. सोबत फोटो, गव्हाणीवर बुंदीची परात. चौकशी माझ्याकडे आली. तलाठी भाऊसाहेबांना घेऊन पंचनाम्याला गेलो.

जाऊन बघतो तर गोठ्यात चार म्हशी दाव्याला. कोपऱ्यात कडब्याची गंज, सरकी पेंडीची पोती, मूत्राची नाली वाहती. पण मागच्या भिंतीवर थर्माकोलची अक्षरं तशीच चिकटलेली: ‘शुभविवाह’. ‘शु’ तेवढा गळून पडला होता. अर्जदारांनी गव्हाणीच्या सांदीतून चार रंगीत तांदूळ काढून माझ्या हातावर ठेवले. “बघा साहेब, अक्षता. पुरावा.”

मी म्हटलं, “इथं पंगत झाली हे तुम्हाला कसं कळलं?”

“म्हंजे? मी स्वतः जेवलो की!”

“पोटभर?”

“जेवायचं सोडा. सगळ्या भावकीला टॉवेल-टोपी केली आणि मला तेवढं विसरले.”

पंच दुसरीकडं बघायला लागले. आबा काही बोलले नाहीत. घरातून कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत अर्जाची प्रत, तिच्यावर आवक शिक्का आणि तारखेची पोच. परवानगीचा आदेश. हातानं काढलेला नकाशा, त्यात गव्हाण, नाली, कडब्याची जागा, बांधापासूनचं अंतर. आणि शेवटी एक संमतीपत्र. सातबारा सामाईक होता, म्हणून सगळ्या खातेदारांची संमती घेतलेली. ‘गोठा बांधणे व वैरण ठेवणे यास आमची हरकत नाही.’ खाली सह्या. तिसरी सही अर्जदारांची.

पंचनाम्यात मी लिहिलं: जागेवर चार दुभती जनावरं बांधलेली, वैरण साठवलेली, भाडं घेतल्याचा पुरावा नाही, पावसामुळं घरचं कार्य एक दिवस झालं, गोठ्याचा वापर बदललेला नाही. प्रकरण निकाली निघालं. टोपीचं काय झालं ते महसूल खात्याच्या कक्षेत येत नाही.

यातलं घ्यायचं काय, तर वापर. इमारतीत काय चालतं, ते सरकार बघतं. त्याच गोठ्यात आबांनी पुढच्या मुहूर्तापासून भाडं घेऊन लग्नं लावली असती, तर चुलतभावाचा अर्ज शंभर टक्के खरा ठरला असता. ४२व्या कलमानं एनए लागलं असतं आणि ४५व्या कलमानं दंड बसला असता. तुमच्या चाळीत तुमचा कांदा आहे तोवर ती शेतइमारत. तीच चाळ सिमेंटच्या व्यापाऱ्याला गोदाम म्हणून दिली की हिशेब बदलला. तेव्हा अर्जात वापर स्पष्ट लिहा. ‘शेड बांधणे’ एवढंच लिहू नका, कशासाठी ते लिहा.

दुसरं, सातबारा सामाईक असेल तर संमती लेखी घ्या, आणि घरात गोडी असते तेव्हाच घ्या. भांडण झाल्यावर सही मिळत नाही.

तिसरं, हद्द. शेजाऱ्याशी बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या, मगच पाया काढा. रस्त्याकडेला असाल तर बांधकाम खात्याकडं इमारत रेषा, म्हणजे रस्त्यापासून किती अंतर सोडून बांधायचं ते, विचारा. नदीकाठी असाल तर पाटबंधारे खात्याकडं पूररेषा विचारा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सांगली-कोल्हापूरकरांना २०१९ च्या महापुरानंतर हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगतोय.

आणि पोच. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. ‘ठेवा, बघतो’ असं कोणी म्हणालं तरी उभं राहायचं. परत सांगतो, पोच घ्यायची.

ज्यांचं बांधून झालंय आणि कागद नाही, त्यांनी नोटीस यायची वाट बघू नये. आहे त्या स्थितीचा नकाशा काढून आपण होऊन तहसीलला जावं. अर्ज तुमचा आधी असला की तुमची बाजू आधी वाचली जाते.

एवढंच. आता बाजारभाव आहेत, ते ऐका. नमस्कार.