पगार, सण आणि सरकारी चैत्र

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादन करून)

मंडळी, पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं हे सगळ्यांना पाठ आहे, आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतंच, की ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली. भाषणात टाळ्या घेणारं वाक्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशीची तिथी होती पौष शुद्ध अष्टमी, आणि त्या वर्षीची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती, म्हणजे तिळगूळ (मिळाला असेल तर) आधीच खाऊन झाला होता. पुढे १०२ वर्षांनी विवेकानंद जन्मले ते संक्रांतीला, तारीख १२ जानेवारी १८६३. आपल्या आईवडिलांच्या काळात ती पक्की १४ ला आणि आता पोरं विचारतात की या वर्षी १५ ला का. तेव्हा "संक्रांत हा एकच सण इंग्रजी तारखेने येतो" हे जे आपण शाळेत शिकलो ते दोन-तीन पिढ्यांपुरतं खरं, त्याच्या पलीकडे नाही.

आता हे होतं का, तर वर्ष दोन प्रकारचं असतं. सूर्य एखाद्या ताऱ्यापासून निघून परत त्याच ताऱ्यापाशी आला की एक वर्ष, आणि वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होतात तो क्षण) परत वसंतसंपातापर्यंत आला की दुसरं, ऋतू चालतात ते या दुसऱ्यावर. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो म्हणून या दोघांत वीसेक मिनिटांचा फरक पडतो. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही हो, आपली लोकल त्याहून जास्त लेट असते, पण सत्तर-बहात्तर वर्षांत त्याचा एक अख्खा दिवस होतो. आपली पंचांगं ताऱ्यांवर चालतात, म्हणजे निरयन. म्हणून दिवस खरा मोठा व्हायला लागतो २२ डिसेंबरला आणि आपण उत्तरायण साजरं करतो तीन आठवड्यांनी. असंच चालू ठेवलं तर आणखी हजार-बाराशे वर्षांनी तिळगूळ फेब्रुवारीत.

हे बदलावं असं स्वातंत्र्यानंतर सरकारलाच वाटलं. १९५२ च्या नोव्हेंबरात सीएसआयआरने, म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, कॅलेंडर सुधारायला एक समिती नेमली, अध्यक्ष मेघनाद साहा. साहा म्हणजे ताऱ्यांच्या वर्णपटाचं कोडं सोडवणारं आयनीभवनाचं समीकरण ज्यांच्या नावाने आहे ते, आणि त्याच वर्षी कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेतही गेलेले. समितीत आपली माणसं होती हे फार कुणाला माहीत नसतं, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर, जे आधी 'केसरी'चे संपादक होते. देशभरातून पंचांगं मागवली, तर नेहरूंनी अहवालाच्या प्रस्तावनेत लिहिलंय की तीसेक वेगवेगळ्या कालगणना सापडल्या. अहवाल १९५५ ला आला, साहा फेब्रुवारी १९५६ मध्ये गेले, आणि कॅलेंडर लागू झालं २२ मार्च १९५७ ला, १ चैत्र शके १८७९. साहांना ते बघायला मिळालं नाही.

आणि मी खरंच सांगतो, कॅलेंडर म्हणून हे फार देखणं काम आहे. बघा, १ चैत्र म्हणजे २२ मार्च, संपाताच्या लगतचा दिवस. १ आषाढ २२ जूनला, १ आश्विन २३ सप्टेंबरला, १ पौष २२ डिसेंबरला, म्हणजे वर्षाचे चारही खांब महिन्याच्या पहिल्या तारखेवर. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ चे, आश्विनापासून फाल्गुनापर्यंत ३० चे, चैत्र ३० चा, लीप वर्षी ३१ आणि तेव्हा सुरुवात २१ मार्चला. हे ३१ मनात आलं म्हणून टाकलेले नाहीत. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून जास्तीत जास्त लांब असते, म्हणून तेव्हा ती हळू चालते, आणि वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत तिला १८६ दिवस लागतात, उरलेल्या अर्ध्या वर्षाला १७९ च. मग मोठे महिने उन्हाळा-पावसाळ्यातच यायला पाहिजेत ना? इंग्रजी कॅलेंडरात बिचाऱ्या फेब्रुवारीला २८ का, याला असं कुठलंही आकाशातलं कारण देता येत नाही.

एवढं चांगलं होतं तर चाललं का नाही? आता इथे माझं मत सांगतो, पटलं तर बघा. कॅलेंडर बदलायचं तर लोकांचा पगार तरी त्याच्यावर निघायला पाहिजे नाहीतर सण तरी. सरकारने यातलं एकही केलं नाही. गॅझेटच्या डोक्यावर शक छापला, आकाशवाणीवर तारीख सांगितली, भिंतीवरच्या कॅलेंडरात 'भारतीय सौर' म्हणून एक बारीक ओळ आली, आणि पगार आपला एक तारखेला, एक तारीख इंग्रजी. त्यात महिन्यांची नावं ठेवली चैत्र-वैशाखच. म्हणजे सरकारी १ चैत्र २२ मार्चला आणि पाडव्याची चैत्र शुद्ध प्रतिपदा कधी मार्चच्या मध्यात, कधी एप्रिलात. माणसाने कुठला चैत्र धरायचा? गंमत अजून पुढे आहे, राज्यघटनेची हिंदी उद्देशिका काढून वाचा, तिथे तारखेच्या पुढे 'मिति मार्गशीर्ष शुक्ल सप्तमी, संवत् दो हज़ार छह विक्रमी' असं आहे. म्हणजे घटना स्वीकारली विक्रम संवताच्या तिथीने आणि सात-आठ वर्षांत कॅलेंडर स्वीकारलं शकाचं, सौर.

जपानचं बघा याच्या उलट. १८७२ च्या डिसेंबरात तिथल्या मेजी सम्राटाच्या सरकारने जाहीर केलं की जुन्या कॅलेंडरचा बारावा महिना दोन दिवसांत गुंडाळायचा आणि तिसऱ्या दिवशी १ जानेवारी १८७३. जेमतेम तेवीस दिवसांची नोटीस. एवढी घाई का, तर जुन्या चांद्र हिशेबाने पुढच्या वर्षी अधिक महिना येत होता, म्हणजे सरकारी नोकरांना तेरा पगार, आणि तिजोरीत खडखडाट. नवीन कॅलेंडरने तेरावा पगार वाचला, शिवाय दोन दिवसांच्या महिन्याचाही द्यावा लागला नाही. ओकुमा शिगेनोबु तेव्हा सरकारच्या पैशाचा कारभार बघत होते, त्यांनी हे नंतर स्वतःच लिहून ठेवलंय. लोक वैतागले असणार, पण कॅलेंडर बसलं ते बसलं.

फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी दिवस दहा तासांचा केला, तास १०० मिनिटांचा, मिनिट १०० सेकंदांचं, दुपारचे बारा म्हणजे पाच वाजले. दशमान तासांची सक्ती दीडेक वर्षात मागे घेतली, कॅलेंडर मात्र नेपोलियनने १ जानेवारी १८०६ पासून बंद करेपर्यंत ओढलं. पण कामगाराला त्यात काय दिसलं, तर आठवडा दहा दिवसांचा झाला आणि सातव्या दिवसाची सुट्टी गेली. चालेल कसं? आणि आपलं सरकार १९५३ मध्ये एवढ्यावर थांबलं नव्हतं बरं का, सगळ्या जगाचंच कॅलेंडर बदला म्हणून संयुक्त राष्ट्रांकडे गेलं होतं. वर्ष ३६४ दिवसांचं धरायचं, म्हणजे बरोबर ५२ आठवडे, दरवर्षी तारखेला तोच वार, आणि उरलेला एक दिवस कुठल्याच वाराचा नाही. हा बिनवाराचा दिवस आला की पुढचा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा दर सातव्या दिवसाचा विश्रांतीचा दिवस, एक दिवस सरकतो, मग ज्यू आणि इतर धार्मिक लोक कसे ऐकतील, अमेरिकेने १९५५ मध्ये विरोध केला आणि पुढच्या वर्षी विषय बासनात.

सणांकडे परत येतो, कारण साहा समितीने त्यावरही तोडगा काढला होता. सण एकदम तेवीस दिवस मागे ओढायचे म्हटलं तर दंगाच झाला असता, म्हणून त्यांनी म्हटलं की अयनांश, म्हणजे ताऱ्यांच्या आणि ऋतूंच्या मोजणीत पडलेलं अंतर, २३ अंश १५ कला इथेच गोठवा, जेवढी चूक झाली तेवढी राहू दे, पुढे वाढू नको. मला हे अत्यंत शहाणपणाचं वाटतं. पंचांगवाल्यांनी ते मनावर घेतलं नाही.

समोरून चिठ्ठी आलीय, "टिळक पंचांगाचं काय?" बरं झालं विचारलंत. टिळकांच्या पुढाकाराने गेल्या शतकाच्या सुरुवातीला पंचांगशुद्धीच्या परिषदा झाल्या, केतकरांसारखे दिग्गज गणिती त्या वादात होते. आकाशात प्रत्यक्ष दिसतं त्याच्याशी गणित जुळलं पाहिजे यावर बऱ्याच जणांचं एकमत, भांडण झालं ते मोजायला सुरुवात कुठून करायची यावर. टिळक पंचांगाने रेवतीतला तारा धरला, बाकीच्यांनी चित्रा, दोघांच्या अयनांशात चारेक अंशांचं अंतर. चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस, आणि अमावास्या नेमकी त्या चार दिवसांत सापडली की एकाचा अधिक महिना तो दुसऱ्याचा निज, म्हणजे नेहमीचा महिना. २०२३ ला तेच झालं. सगळ्यांचा अधिक श्रावण चालू होता तेव्हा टिळक पंचांगाचा साधा श्रावण होता, आणि कोकणात, पुण्यात ज्या घरात ते पंचांग पाळतात तिथे गणपती बसले २० ऑगस्टला, बाकी महाराष्ट्रात १९ सप्टेंबरला. एका महिन्याने! शेजारच्या घरात विसर्जन होऊन मखर माळ्यावर गेलं तरी आपल्याकडे मूर्तीचं बुकिंगही नाही. पंचांग एक व्हावं म्हणून परिषदा भरवल्या, झालं काय, तर आणखी एक पंचांग. साहा समितीचंही तेच, तीस होती, एकतीस झाली.

दुसरी चिठ्ठी, "शक तारखेचा चेक वटतो का?" वटायला पाहिजे. राष्ट्रीय कॅलेंडरची तारीख घातलेला चेक बाकी सगळं बरोबर असेल तर बँकेने नाकारू नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. १५ ऑगस्टला २४ श्रावण लिहा, २६ जानेवारीला ६ माघ, दोन्ही दिवशी बँक बंद असते ते सोडा. पण रक्कम छोटी लिहा, आणि काउंटरवरचा माणूस नवीन असेल तर ते परिपत्रक प्रिंट काढून बरोबर न्या.