पत्रे घटली, बंधन किती घटवावे?

मित्रहो, ब्रिटनमध्ये २००४-०५ साली वर्षाला सुमारे २० अब्ज, म्हणजे दोन हजार कोटी, पत्रे टपालाने जात असत. वीस वर्षांत हा आकडा सात अब्जांच्याही खाली आला. डेन्मार्कमध्ये २००० सालापासूनची घट नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. खर्च मात्र त्या प्रमाणात उतरत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. एका रस्त्यावर पाच पाकिटे द्यायची असोत की एक, पोस्टमनला तो रस्ता चालावाच लागतो. उलट नवी घरे उभी राहतात तशी त्याची बीट, म्हणजे रोजची फेरी, लांबत जाते आणि पिशवी हलकी होत जाते.

ब्रिटनचे टपाल सुधारक रोलंड हिल यांनी १८४० साली एक पेनीचा समान दर आणला, तो याच गणिताच्या दुसऱ्या बाजूवर. लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा खर्च पेनीचा जेमतेम छत्तिसावा हिस्सा पडतो, हे त्यांनी हिशेबाने दाखवले. अंतराला किंमत नव्हतीच. किंमत होती पत्र हाताळण्याला आणि त्याचा बटवडा करण्याला. पत्रे अमाप होती तोवर ही किंमत सर्वांत वाटली जाऊन नगण्य वाटे. आज प्रत्येक पत्राच्या वाट्याला ती अधिकाधिक येते.

म्हणून सरकारे टपाल कंपनीवर कायद्याने घातलेले सार्वत्रिक, म्हणजे सर्वांना किमान सेवा देण्याचे, बंधन सैल करू लागली आहेत. हे बंधन म्हणजे एकच वचन नव्हे. आठवड्यातून किती दिवस बटवडा, किती दिवसांत पत्र पोहोचणार, कोणकोणत्या पत्त्यांपर्यंत आणि कोणत्या दराने, अशी चार निरनिराळी वचने त्यात आहेत आणि ती एकाच कात्रीने कापता येत नाहीत. दिवस कमी करायला माझी हरकत नाही. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाने जुलै २०२५ पासून दुसऱ्या वर्गाची, म्हणजे स्वस्त पण सावकाश जाणारी, पत्रे सोमवार ते शुक्रवार एक दिवसाआड वाटण्याची मुभा दिली, ती मला रास्त वाटते. पण त्याच निर्णयात पहिल्या वर्गाची पत्रे दुसऱ्या दिवशी पोहोचवण्याचे उद्दिष्ट ९३ टक्क्यांवरून ९० वर आणि दुसऱ्या वर्गाची तीन दिवसांत पोहोचवण्याचे ९८.५ वरून ९५ वर आणले गेले. २०२४-२५ मध्ये पहिल्या वर्गाची जेमतेम ७७ टक्के पत्रे वेळेवर पोहोचली होती आणि त्यापायी तिथल्या टपाल कंपनीला, रॉयल मेलला, २ कोटी १० लाख पौंडांचा दंडही झाला. काम हलके करून दिल्यावर ते अधिक चोख व्हावे अशी अपेक्षा ठेवायची, की मोजपट्टीच आखूड करायची? एकूण ९९ टक्के पत्रे ठरल्या दिवसानंतर फार तर दोन दिवसांत पोहोचलीच पाहिजेत, अशी नवी अट घातली गेली, ही त्या निर्णयातली सर्वांत उपयोगी गोष्ट. तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

डेन्मार्कने थेट टोक गाठले. तिथे २०२४ पासून सार्वत्रिक सेवेचे बंधनच कायद्यातून काढले गेले, आणि ३० डिसेंबर २०२५ रोजी पोस्टनॉर्ड या सरकारी मालकीच्या टपाल कंपनीने तिथला पत्रांचा बटवडा थांबवला. पत्रे आता एका खासगी कंपनीकडे आहेत. जिथे जवळपास सगळा सरकारी व्यवहार संगणकावर गेला आहे, तिथेच हे एवढ्या सहज शक्य होते.

इतरत्र उरलेली पत्रे कोणती, हे पाहिले पाहिजे. खुशालीची पत्रे गेली. राहिली ती रुग्णालयाच्या तपासणीची तारीख, न्यायालयाची नोटीस, दंडाची सूचना. पत्रांची संख्या घटली, पण एक पत्र चुकल्याने होणारे नुकसान वाढले. जर्मनीने हे ओळखले. नव्या टपाल कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून ९५ टक्के पत्रे तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोहोचवण्याचे बंधन घातले. पूर्वी त्यासाठी दोनच दिवस होते. त्याच वेळी, साध्या टपालाने धाडलेला सरकारी आदेश तिसऱ्या दिवशी मिळाला असे गृहीत धरण्याचा नियम बदलून तो चौथा दिवस केला गेला. अपिलाची मुदत या गृहीत दिवसापासून मोजली जाते. म्हणजे हा बदल झाला नसता, तर टपालाच्या संथपणाचा एक दिवस नागरिकाच्या मुदतीतून कापला गेला असता. बटवड्याचे दिवस घटवणाऱ्या प्रत्येक कायद्यासोबत अशा मुदतींची यादी तपासली जायला हवी, आणि टपाली मतपत्रिका परत पोहोचण्याची अखेरची तारीख त्या यादीत अगदी वर असायला हवी.