टेप नावाचं वाद्य

मंडळी, तुमचा अपेक्षाभंग व्हायचाच असेल तर तो आत्ताच होऊन जाऊ दे. इंग्लिश संगीतकार माइक ओल्डफील्ड म्हणजे हाताला लागेल ते वाद्य लीलया वाजवणारा जादूगार नव्हे. गिटार अव्वल, बास गिटार उत्तम, पियानो आणि ऑर्गन कामापुरते. ज्या 'ट्युब्युलर बेल्स' या रेकॉर्डमुळे त्याचं नाव झालं, त्यातही बासरी दुसऱ्याची, डबल बास दुसऱ्याचा, ड्रम्ससुद्धा दुसऱ्याचे. त्याचा खरा हात बसला होता तो टेपवर.

जन्म 1953 चा, इंग्लंडमधल्या रेडिंगचा. वडील डॉक्टर, आई मानसिक आजाराने पिडलेली. घरात ताण वाढला की हा गिटार घेऊन खोलीचं दार लावून घ्यायचा. पुढे बहीण सॅलीबरोबर लोकसंगीताच्या वळणाची एक रेकॉर्ड निघाली. मग केविन एअर्सच्या बँडमध्ये तो बास वाजवायला लागला. त्यांचं रेकॉर्डिंग असायचं लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत. हा बाकीच्यांच्या आधी तिथे हजर, आणि स्टुडिओत पडलेली वाद्यं एकेक करून वाजवून बघणार.

बँड मोडला तेव्हा एअर्सने त्याला बँग अँड ओलुफ्सेनचा टेपरेकॉर्डर वापरायला दिला. इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे. टेप सरकताना आधी इरेज हेडपाशी येते. ते जुनं पुसतं, मग रेकॉर्ड हेड नवं उमटवतं. ओल्डफील्डने इरेज हेडवर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला. झालं! जुनं पुसलं जाईना, त्याच्यावरच नवं चढायला लागलं. गिटारवर ऑर्गन, ऑर्गनवर बास. पण पाचव्या थराला बोट घसरलं तर आधीचे चारही गेले, कारण एकदा मिसळलेलं वेगळं करता येत नाही. टॉटनहॅमच्या घरात असे थर चढवून केलेला नमुना कंपन्यांनी परत पाठवला. शब्द नाहीत, गाणं नाही, विकायचं काय?

रिचर्ड ब्रॅन्सन या तरुण व्यावसायिकाने तेव्हा ऑक्सफर्डशरमधल्या 'मॅनर' नावाच्या जुन्या वाड्यात स्टुडिओ थाटला होता. ओल्डफील्ड तिथे आला तो दुसऱ्याच कुणाच्या तरी साथीला. टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ या तिथल्या इंजिनिअरांनी त्याची टेप ऐकली आणि ब्रॅन्सनच्या मागे लागले. 1972 च्या नोव्हेंबरात आठवडाभर स्टुडिओ मिळाला. पहिला भाग त्यात झाला. दुसरा पुढच्या वर्षी, स्टुडिओ रिकामा सापडेल तसा. आता हाताशी सोळा ट्रॅक होते, म्हणजे एकाच टेपवर सोळा वेगवेगळ्या वाटा.

सुरुवातीचा पियानो तुम्ही ऐकलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. सोळा मात्रांतली एक काढून टाकलेली, म्हणून कान समेवर टेकायला जातो आणि ती आधीच येऊन गेलेली असते. आपल्याकडे पंधरा मात्रांची पंचमसवारी आहे, त्यामुळे आपण दचकत नाही, पण रॉकच्या श्रोत्याला हे नवं होतं. एकच तुकडा असा पुन्हा पुन्हा वाजवायची कल्पना आली अमेरिकन संगीतकार टेरी राइलीकडून. हाच राइली पंडित प्राणनाथांकडे किराणा घराण्याचं गाणं शिकला, हे जाता जाता सांगतो.

रेकॉर्डच्या नावातल्या त्या घंटा, म्हणजे टांगलेल्या धातूच्या नळ्या, मुळात ठरलेल्या नव्हत्याच. जॉन केल या दुसऱ्या संगीतकाराच्या रेकॉर्डिंगनंतर वाद्यं परत चालली होती, त्यात या दिसल्या. ओल्डफील्ड म्हणाला, राहू द्या. हवा तसा दणका मिळेना, तेव्हा त्याने हातोडाच हाणला.

25 मे 1973 ला रेकॉर्ड बाजारात आली, ब्रॅन्सनच्या व्हर्जिन कंपनीची पहिलीच. पोरगा नुकता विशीत आलेला. महिन्याभराने लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये कार्यक्रम ठरला आणि हा घाबरून नाही म्हणायला लागला. ब्रॅन्सनने स्वतःची बेंटली गाडी देऊ केली, तेव्हा कुठे गडी स्टेजवर चढला. मला यात नवल वाटत नाही. खोलीत तो स्वतःच स्वतःचा बँड होता. स्टेजवर दुसऱ्या माणसांवर भिस्त ठेवायची होती.

'द एक्सॉर्सिस्ट' या भुताच्या सिनेमात त्यातला छोटासा तुकडा वाजला आणि अमेरिकेत ती भुताची धून झाली. इंग्लंडात 1974 मध्ये त्याचीच दुसरी रेकॉर्ड पहिल्या नंबरवर होती, तिला खाली ढकललं ते याच पहिल्या रेकॉर्डने. 1983 चं 'मूनलाइट शॅडो' मॅगी रायलीच्या आवाजातलं. छान गाणं आहे, पण त्यासाठी ओल्डफील्डच कशाला हवा? खरा तो भेटतो 1990 च्या 'अमारॉक'मध्ये. तासभर अखंड संगीत, एफएमवर लावायला सोयीचा एकही तुकडा नाही, आणि मध्येच मोर्स कोडमध्ये ब्रॅन्सनला सणसणीत शिवी.

2003 मध्ये त्याने 'ट्युब्युलर बेल्स' नव्याने वाजवून काढली. स्वच्छ, नेटकी. मी मात्र जुनीच लावणार आहे. पहिला भाग पंचवीस मिनिटांचा आहे. शेवटी व्हिव्हियन स्टॅनशॉल हा निवेदक एकेका वाद्याचं नाव पुकारतो. त्यात 'डबल स्पीड गिटार' आली की कान द्या. हे वाद्य अस्तित्वातच नाही. निम्म्या वेगाने फिरणाऱ्या टेपवर वाजवायचं, मग टेप पूर्ण वेगाने सोडायची. पंखे जरा बंद करता का?